गोमाशीचा दंश व गुरांचा सर्रा रोग

दुष्काळांतील गुरें वांचवावयाचीं म्हणजे पेंढा व पाणी पुरवावयाचें, अशी बहुतेक दात्यांची समजूत असते. ती खरी आहे, पण पुरती नाहीं. सन २०१९ च्या दुष्काळांत बीड व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत चारा-छावण्या निघाल्या, तेव्हां गांवोगांवचीं जनावरें एकत्र दावणीला आलीं. अशा दाटींत ज्याचें फावतें असा एक कीटक आहे, आणि वसई-विरारकडील तबेल्यांच्या धन्यांस त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तो म्हणजे गोमाशी.

गोमाशीस ओल आवडते. पाण्याकांठच्या झाडपाल्यावर ती अंडीं घालते व अळ्या चिखलांत वाढतात. खाडी, भातखाचरें व तलाव असलेल्या या तालुक्यांत तिला जागेची वाण कशी पडावी? रक्त पिते ती मादीच. डांसाचें तोंड सुईसारखें, हिचें कातरीसारखें. कातडी चिरून वर आलेलें रक्त ती चाटते. वेदनेनें जनावर शेपटी झाडतें, पाय आपटतें, आणि माशी अर्धपोटीं उठून शेजारच्या जनावरावर बसते. सारा अनर्थ या अर्धपोटीं उठण्यांत आहे! तोंडास लागलेल्या ओल्या रक्ताबरोबर सर्रा रोगाचे सूक्ष्म जंतु दुसऱ्याच्या अंगांत जातात. माशीच्या शरीरांत ते वाढत नाहींत, लौकरच मरतात. म्हणून जनावरें जितकीं जवळ, तितका प्रसार अधिक. हे जंतु ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यास सन १८८० मध्यें डेरा इस्माईलखान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत सांपडले.

घोडा या रोगानें बहुधा दगावतो. म्हैस मात्र फसविते. वरून धडधाकट, आणि रक्तांत जंतु. उपासमार, लांबचा प्रवास किंवा वीण यांचा ताण पडला कीं तोच रोग उसळतो. ताप येतो व जातो, दूध आटतें, गाभ पडतो, जनावर खंगतें. दुष्काळांत तें भुकेनेंच वाळलें असें समजून आपण पुढें आणखी पेंढा टाकतों, आणि नुसत्या पेंढ्यानें तें सुधारत नाहीं.

मनुष्यास गोमाशीच्या दंशानें सूज व आग होते, इतकेंच सहसा घडतें. तथापि सन २००४ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत सर्र्याचे जंतु आढळले. इतरांच्या रक्तांत त्यांना मारणारें जें द्रव्य असतें, तें त्याच्या रक्तांत नव्हतें. सुरामिन या औषधानें तो बरा झाला. असा प्रसंग अति विरळा, म्हणून भिण्याचें कारण नाहीं.

गोमाशी दिवसा, भर उन्हांत चावते व अंधाऱ्या गोठ्यांत सहसा शिरत नाहीं. तेव्हां छावणीस सावलीचें छप्पर व दिवसा धूर असावा. नव्या जनावराचें रक्त पशुवैद्याकडून तपासून होईपर्यंत तें इतरांपासून दूर बांधावें, व जंतु आढळल्यास क्विनापायरामिनची टोचणी द्यावी. पेंढ्याची गाडी देणाऱ्या गृहस्थांनीं या तपासणीचा व टोचणीचा खर्चही त्याच देणगींत धरावा, अशी नम्र विनंति आहे.