करार पुढच्या हंगामांचा असतो

पाचोड, ता. पैठण

चि. बाळास,


प्रो कबड्डीतल्या संघाच्या कचेरीत आकडेमोडीचं काम तुला मिळालं, याचा घरात सगळ्यांना आनंद झाला आहे. लिलावाआधी कोणाला राखायचं, कोणाला सोडायचं आणि कोणासाठी कुठवर बोली न्यायची, याच्या टिपणात आता तुझंही मत धरलं जाईल. म्हणून एकच गोष्ट सविस्तर लिहितो. खेळाडूचा भाव त्याच्या मागच्या हंगामावर ठरतो, खेळायचे असतात मात्र पुढचे हंगाम. या दोहोंतलं अंतर मोजणं हेच तुझं काम. आपल्या मोसंबीच्या बाजारातला व्यापारी बाग उक्ती घेताना गेल्या वर्षी किती माल निघाला एवढं ऐकून पैसे मोजत नाही. झाडाचं वय, यंदा धरलेला बहर आणि विहिरीचं पाणी बघतो, मगच आकडा बोलतो. कबड्डीच्या लिलावात कोट्यवधींचा व्यवहार होतो, पण एवढी साधी चौकशी पुष्कळदा राहून जाते.

चंदगडच्या सिद्धार्थ देसाईचं उदाहरण घे. 2018 मध्ये यू मुंबानं त्याला 36.4 लाखांना घेतलं आणि त्यानं चढायांत दोनशेहून अधिक गुण मिळवून दिले. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी 1.45 कोटी मोजले. संघाची सगळी थैली 4.40 कोटींची, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा एका माणसावर गेला. इथं नीट लक्ष दे: सिद्धार्थनं तिथंही दोनशेहून अधिक गुण केले, त्याच्या कामात खोट नव्हती. तरी संघ बारांत अकरावा आला. चढाईपटू गुण आणतो आणि मागं बचावाचे कोपरे उघडे असले की ते तिथून गळून जातात. कोपरे सांभाळायला जे पैसे हवे होते ते आधीच खर्ची पडले होते. एखादा करार महाग की स्वस्त हे त्या खेळाडूच्या गुणांवरून कळत नाही, त्याच्यामुळे कोण घेता आलं नाही यावरून कळतं. 2021 च्या लिलावात टायटन्सनं त्यालाच पुन्हा 1.30 कोटींना राखलं. त्या हंगामात दुखापतीनं तो लवकर बाहेर गेला आणि बावीस सामन्यांत संघाच्या वाट्याला एकच विजय आला.

परदीप नरवालची गोष्ट याहून बोलकी आहे. पाटणा पायरेट्सनं लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली त्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा, आणि 2017 च्या एका हंगामात त्यानं चढायांत 369 गुण केले. तरीही 2021 मध्ये पाटण्यानं त्याला जाऊ दिलं; यूपी योद्धानं 1.65 कोटी देऊन घेतलं. त्या हंगामात पाटणा परदीपविना अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दिल्लीकडून एका गुणानं हरला. 2024 मध्ये परदीप 70 लाखांना बंगळूरला गेला, 2025 च्या लिलावात त्याला कोणी घेतलं नाही आणि त्यानं निवृत्ती घेतली. पाटण्यानं जे केलं त्याला कृतघ्नपणा म्हणणारे पुष्कळ होते. मला ते शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये असंच घडलं आहे. तिथले काही करार दहा-दहा वर्षांचे असतात आणि खेळाडू बसला तरी पैसे द्यावेच लागतात. अल्बर्ट पुजोल्सच्या साथीनं सेंट लुईस कार्डिनल्सनं 2011 ची जागतिक मालिका जिंकली आणि मग त्याला जाऊ दिलं. एंजल्सनं बत्तिशीच्या उंबरठ्यावरच्या त्या फलंदाजाशी दहा वर्षांचा, 24 कोटी डॉलरचा करार केला. त्या काळात एंजल्स बाद फेरीत एकदाच पोहोचले, 2014 मध्ये, आणि तिथले तिन्ही सामने हरले. 2021 मध्ये करार संपायच्या आत त्यांनी पुजोल्सला सोडलं. कार्डिनल्स मात्र 2013 मध्ये पुन्हा अंतिम मालिकेत होते.

तू म्हणशील, महागडा खेळाडू घेऊन जिंकलेले संघही आहेतच. आहेत. पुणेरी पलटणनं दहाव्या हंगामासाठी इराणच्या मोहम्मदरझा शादलूला 2.35 कोटींना घेतलं आणि 1 मार्च 2024 ला हरियाणाला 28-25 हरवून विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात तोच शादलू हरियाणाकडे 2.07 कोटींना गेला आणि हरियाणा जिंकला. आक्षेप खरा आहे, पण त्याच्या आधीची वर्षं बघ. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि त्याच्याबरोबर मोहित गोयत ही नवी पोरं पलटणनं आठव्या हंगामापासून खेळवली होती. नवव्यात संघ अंतिम सामना खेळला. दहाव्यापर्यंत ती पोरं तयार झाली होती आणि शादलू त्या तयार घरात आला. हरियाणासुद्धा आदल्या वर्षीचा उपविजेता होता. बाराव्या हंगामात त्याच शादलूसाठी गुजरातनं 2.23 कोटी मोजले, तेव्हा संघ पहिल्या आठांतही आला नाही. शिवाय पुण्यात आला तेव्हा शादलू पंचविशीच्या आतला होता, म्हणजे त्याची चढती वर्षं अजून बाकी होती. महाग खेळाडू कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. त्याला शेवटी घ्यावं, आधी नको.

प्रेक्षक नावासाठी येतात, हा दुसरा आक्षेप. येतात, पण हरणारा संघ बघायला किती दिवस येतील? अदलाबदलीत तर प्रेक्षकांचं मन आणखी नाजूक असतं. क्रिकेटमधलं उदाहरण बघ: मुंबई इंडियन्सनं नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं, कर्णधार केलं आणि जागा करण्यासाठी कॅमेरॉन ग्रीनला बंगळूरला दिलं. 2024 मध्ये संघ दहावा आला, वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडाली. पण 2025 मध्ये हाच संघ बाद फेरीत होता. म्हणून अदलाबदलीचा हिशेब एका हंगामात मांडू नकोस, निदान दोन तरी जाऊ दे.

आता राहिली माझ्या मनाला सर्वांत टोचणारी गोष्ट. स्वस्तातली पोरं घ्या आणि तिशीला सोडून द्या, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढला तर तो माणुसकीला सोडून होईल. नवव्या हंगामात तमिळ थलैवाजनं पवन सेहरावतला 2.26 कोटींना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्याच्याविना संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, हे माझ्या युक्तिवादाला सोयीचं आहे. पण एवढं नाव नसलेल्या पोराचा गुडघा असाच गेला तर त्याच्याकडे काय उरतं? लांब मुदतीचा करार खरा शोभतो तो अशा विशीतल्या खेळाडूला: संघाला त्याची चढती वर्षं मिळतात, त्याला दुखापतीच्या वर्षातही घर चालवता येतं. ज्याच्याकडून तीन वर्षांची अपेक्षा धरतोस त्याला तीन वर्षांची हमी आणि वाढता पगार मिळावा, असं टिपणात स्पष्ट लिही. वरचे नको म्हणाले तरी लिही. आणि प्रत्येक नावापुढे वय आणि दुखापतींची नोंद भरल्याशिवाय ते टिपण कोणाच्या हाती देऊ नकोस.

तुझा मामा