नट सैल का होतो?

नट जागेवर कशामुळे टिकतो असे विचारले की बहुतेक कॅडेट मला "आट्यांमुळे" असे उत्तर देतात. पण आटे म्हणजे बोल्टभोवती गुंडाळलेला उतारच. घर्षण नसते तर नट त्यावरून आपोआप घसरला असता. पान्याने आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, आणि हा ताणच जोडलेले भाग व आटे एकमेकांवर दाबून धरतो. दाब आहे तोवर घर्षण आहे.

१९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले की बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडवे हादरे जास्त घातक असतात. जोडलेले भाग एकमेकांवर क्षणभर सरकले की आट्यांची पकड सुटते आणि नट दर हादऱ्याला थोडा थोडा उलटा फिरतो. युंकरच्या या कसोटीत स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. नट पुरता आवळला की तो चपटा होतो आणि साधा वॉशरच उरतो. तरीही आपल्याकडे तो सर्रास घालतात!

नायलॉनची कडी बसवलेला नट आट्यांना घट्ट धरतो. तो नुसत्या बोटांनी फिरू लागला, तर टाकून द्यावा. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर तापणाऱ्या जागी तो वापरू नये. स्टिअरिंगच्या सांध्यावर खाचांचा नट आणि कॉटर पिन असते. पिन बोल्टचा ताण राखत नाही, पण नट गळून पडू देत नाही. हा फरक नीट लक्षात घ्या. विमानात बोल्टांच्या डोक्यांतून पीळ दिलेली तार ओवतात. ती अशी ओढून बांधायची की एक बोल्ट सैल होऊ पाहील तर तार दुसऱ्याला आवळण्याच्या दिशेने ओढेल.

एवढे करूनही काय घडू शकते? २० ऑगस्ट २००७ रोजी जपानमधील नाहा विमानतळावर चायना एअरलाइन्सचे बोइंग ७३७-८०० उतरून थांबले आणि पेटले. पंखाच्या पुढच्या कडेची सरकती पट्टी, म्हणजे स्लॅट, आत घेताना तिथला एक सुटलेला बोल्ट रेटला जाऊन इंधनटाकीत घुसला होता. गंमत नव्हे, दुर्दैव असे की नट सैल होऊ नये म्हणूनच काही आठवडे आधी त्या जागी काम झाले होते. तपासात निष्कर्ष निघाला की त्या वेळी एक वॉशर निखळून पडला असावा. नट भोकापेक्षा लहान होता, त्यामुळे वॉशरविना त्याला अडवणारे काही राहिले नाही. विमानातले सर्व १६५ जण वाचले.

ट्रकच्या किंवा विमानाच्या नटावर रंगाची एक रेघ तुम्ही पाहिली असेल. आवळून झाल्यावर ती नटावरून शेजारच्या भागापर्यंत सलग ओढतात. पुढच्या तपासणीत ती तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे, हे पाना न लावताच कळते.