कुलाब्याहून अलिबागला

मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा स्थापन केली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी, हा तिचा एक हेतू होता. पुढे १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचेही वेध घेतले जाऊ लागले.

पृथ्वी एखाद्या प्रचंड लोहचुंबकासारखी वागते, हे होकायंत्रावरून आपणांस ठाऊक आहे. परंतु तिच्या चुंबकत्वाचा जोर सदैव सारखा नसतो. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी तो किंचित कमीअधिक होतो आणि सूर्यावर मोठी खळबळ झाली, की चुंबकीय वादळ उठते. हे बदल इतके सूक्ष्म असतात, की ते मोजावयाचे तर बारीक धाग्याला टांगलेल्या चुंबकावर लहानसा आरसा बसवितात. आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका छायाचित्रणाच्या कागदावर रेषा उमटवीत जातो. अशा चुंबकाजवळ खिशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन गेलेला मनुष्यदेखील चालत नाही!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वेधशाळेवर एक संकट आले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. आता त्या विजेवर चालवावयाच्या होत्या. विजेच्या ट्रामला प्रवाह वरच्या तारेतून मिळतो आणि तो रुळांवाटे परत जातो. मात्र त्यातील काही प्रवाह रुळांतून निसटून जमिनीत पसरतो. जेथे विजेचा प्रवाह, तेथे चुंबकत्व आलेच. मग कागदावर उमटलेली रेषा पृथ्वीची की ट्रामची, हे सांगावे कोणी?

त्या वेळी नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे संचालक होते. या पदावरील ते पहिले भारतीय. वाढत्या शहराला वीज नको, असे म्हणणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. तेव्हा वेधशाळेनेच जागा सोडणे भाग होते. मूस यांनी मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागची निवड केली. अलिबाग हे त्या काळी कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. म्हणजे वेधशाळा कुलाबा सोडून पुन्हा कुलाब्यातच आली म्हणावयाची!

खरी कसोटी होती ती इमारत उभारताना. कोल्हापूरजवळच्या कळंब्यापासून थेट मुंबईपर्यंत ज्या काळ्या दगडाने घरे, देवळे आणि बंधारे बांधतात, तो दगड येथे कुचकामाचा होता; कारण त्याच्या अंगातच लोहाचे चुंबकीय कण असतात. म्हणून पोरबंदरी दगड आणविण्यात आला. बिजागऱ्या, कड्या इत्यादी वस्तू तांब्यापितळेच्या केल्या. उष्णतेनेही चुंबकाचा जोर बदलतो; यासाठी बाहेरच्या ऊनथंडीचा आत फारसा परिणाम होणार नाही, अशी रचना करण्यात आली.

१९०४ साली अलिबागेस वेध सुरू झाले. तरीही मूस यांनी कुलाब्याची यंत्रे लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. दोन जागांच्या आकड्यांत स्वभावतःच अंतर असते. ते नेमके किती, हे कळल्यावाचून जुन्या नोंदी नव्यांशी जोडता आल्या नसत्या आणि साठाहून अधिक वर्षांचे काम तेथेच तुटले असते. दोन वर्षांचा हा दुहेरी खटाटोप कोणास कंटाळवाणा वाटेल. परंतु स्थलांतरातील सर्वांत मोलाचे काम हेच होय. यानंतर ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. अलिबागची वेधशाळा मात्र चालू राहिली. १९७१ पासून ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. छायाचित्रणाच्या कागदाची जागा आता इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली आहे.

१८५९ च्या सप्टेंबरारंभी एक प्रचंड चुंबकीय वादळ झाले होते. त्याचा जोर किती होता, हे ठरविण्यासाठी २००३ साली शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या जुन्या नोंदींचाच आधार घेतला. या प्रश्नाची निकड आता विजेमुळेच वाढली आहे. १३ मार्च १९८९ रोजी अशाच, पण त्याहून लहान वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा कोलमडला आणि सुमारे ६० लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले.