कानशीची सुरी

निवृत्त मास्तरने कुंड्यांना पाणी घालावं, नातवंडांचा अभ्यास घ्यावा, फार तर माहुलीच्या पायथ्यापर्यंत फिरून यावं, अशी घरच्यांची माफक अपेक्षा असते. मला जुन्या कानशीपासून सुरी करायचा नाद लागला. किन्हवलीवरून सरळगावकडे जाताना आतल्या एका गावात एक वयस्कर लोहार अजून भट्टी पेटवतात. भाता गेला, त्याच्या जागी विजेचा पंखा आला, पण ऐरण वडिलांच्या वेळचीच आहे. त्या बाबांनी मला शेजारी बसू दिलं. तिथे जे उमगत गेलं, ते लिहून ठेवतो आहे.

१. कानस आधीच इतकी कडक असते की तिची सुरी होत नाही. मला वाटत होतं, उत्तम पोलाद हाती आलं म्हणजे निम्मं काम झालं. चांगल्या कानशीत कार्बन शेकडा एक किंवा किंचित जास्त असतो. दुसरं लोखंड खरवडण्यासाठीच ती कडक केलेली असते. तशीच घासून सुरी केली तर धार सुरेख येते, पण फरशीवर पडली की तुकडे होण्याची भीती. म्हणजे कामाची सुरुवात तिचा कडकपणा काढून घेण्यापासून. बाबांनी ती लाल तापवली आणि भाताच्या तुसाच्या राखेत पुरून टाकली. राखेत ती रात्रभर सावकाश निवते आणि मऊ पडते. आमच्या भागात भातगिरणीच्या मागे तुसाला तोटा नाही. तोटा होता माझ्या धीराला. मी दोनदा विचारलं, झाली असेल का? ते म्हणाले, "गुरुजी, निजू द्या तिला. तुम्ही पण घरी जा."

२. कानशीसारखी दिसणारी प्रत्येक वस्तू कामाची नसते. काही स्वस्त कानशी साध्या मऊ लोखंडाच्या असतात. फक्त वरचा पातळ थर कडक केलेला. घासत गेलं की तो थर संपतो आणि आत काहीच उरत नाही. (अशी माणसं आठवली, पण तो विषय वेगळा.) ओळखायची रीत सोपी आहे. ग्राइंडरला जरा टेकवायची आणि ठिणग्या पाहायच्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघा काढत जातात. भरपूर कार्बन असलेल्या पोलादाच्या ठिणग्या आखूड असतात आणि फुलबाजीसारख्या टोकाशी फुटतात. मी आयुष्यभर फळ्यावर कार्बनची संयुगं लिहिली. कार्बन असा डोळ्यांना दिसतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

३. बाबांना माझा हट्ट थोडा विनोदी वाटत होता, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक कोयता मागतं, विळा मागतं, कुऱ्हाडीला पाणी देऊन मागतं. सुरी कोण मागतो? आणि कोयत्याला ते कानस कधीच वापरत नाहीत. त्याला ट्रकच्या कमानीचा पाटा लागतो. पाट्यात कार्बन कानशीच्या साधारण निम्माच, त्यामुळे तो मार खातो, वाकतो, पण सहसा तुटत नाही. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या, करवंदीच्या जाळीतून वाट काढायची, सरपण फोडायचं, आणि काम झालं की कमरेच्या आकडीत अडकवून चालू लागायचं. अशा आयुष्याला कानशीचं नाजूक पोलाद पुरं पडत नाही. पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या जत्रेत बैलबाजाराइतक्याच उत्साहाने लोक ही हत्यारं पारखताना दिसतात. नखाने पात्यावर टिचकी मारतात, कान देतात, खाली ठेवतात. मी इतकी वर्षं त्या जत्रेतून घोंगडी घेऊन परत आलो, कान देणाऱ्यांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

घरी एक शंका निघाली, की हे असलं करणं कायद्यात बसतं का. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येतूनच निव्वळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू वगळल्या आहेत. भाजीची सुरी त्या वगळलेल्या वस्तूंत येते, एवढं सांगून मी तो विषय मिटवला.

४. घाव घालणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग. दुर्दैवाने मी त्याचीच स्वप्नं पाहिली होती. कानस मुळातच जवळपास पात्याच्या आकाराची. टोक काढायचं आणि धारेकडची बाजू थोडी उतरती करायची, बस. तेवढ्यानेही माझा खांदा आठवडाभर बोलत होता. शिवाय कानशीचे दाते पूर्ण घासून काढावे लागतात, कारण पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम विझवताना, त्यांच्या खाचांमधूनच तडा सुरू होण्याचा धोका असतो. नक्षी म्हणून ते राहू द्यावेत असं माझं मन होतं. बाबांनी मान हलवली आणि ग्राइंडर माझ्याकडे सरकवला.

५. माझ्याकडे आकडे होते, त्यांच्याकडे रंग. पाणी देण्याचा दिवस. मी पुस्तकातून वाचून गेलो होतो की लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटणं सोडतं, आणि हे पोलाद त्याच्या जरासं वर गेलं की विझवायचं. जुन्या स्पीकरचं चुंबक खिशात घालून नेलं होतं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. मग ऊन उतरेपर्यंत थांबले. उन्हात लाल रंग खोटा दिसतो. तापलेलं लोखंड आहे त्याहून थंड वाटतं आणि माणूस ते जास्त तापवत बसतो. जपानमधले तलवारी करणारे लोहार याच कारणाने भट्टीघर अंधारं करतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. इथे तेच काम आंब्याची सावली आणि मावळतीची वेळ करत होती. पातं लाल झालं, मग त्या लालीत जरा उजळपणा आला. ते म्हणाले, "आता." मी चुंबक टेकवून पाहिलं. ते चिकटलं नाही.

खरं तर आनंद व्हायला हवा होता, पुस्तक आणि माणूस एकमताने बोलत होते. मला थोडी असूयाच वाटली. माझं ज्ञान खिशात मावत होतं, हरवलं तर दुसरं विकत मिळालं असतं. त्यांचं ज्ञान त्यांच्या डोळ्यांत आहे, आणि त्यांचा मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो.

विझवलं मात्र तेलात, पाण्यात नाही. कोयत्याला पाणी चालतं. कानशीचं पोलाद पाण्यात फार झटक्यात निवतं आणि तडकू शकतं. शेंगदाण्याचं तेल कोमट करून घेतलं होतं. धूर असा झाला की पलीकडच्या घरातून विचारणा आली, आज काय तळताय?

६. कडक झाल्यावर पुन्हा थोडं मऊ करावं लागतं. याची मला पुस्तकी कल्पना होती, दृश्य ठाऊक नव्हतं. पात्याची एक बाजू घासून चकचकीत करायची, जाड लोखंडाचा ठोकळा तापवायचा आणि त्यावर सुरीची पाठ टेकवून धरायची. पाठीकडून रंग सरकत धारेकडे येतात: आधी फिकट गवती पिवळा, त्यामागून बदामी, जांभळा, शेवटी निळा. दोनशे अंशांच्या थोडं वर पिवळा, तीनशेच्या आसपास निळा. धारेवर पिवळा पोचला की लगेच पाण्यात. पाठ निळी म्हणजे चिवट, धार पिवळी म्हणजे कडक. एकाच पात्यात दोन स्वभाव. मी पाहतच राहिलो, आणि बाबांनी माझ्या हातून सांडशी काढून घेतली म्हणून पुढचं सगळं वेळेत झालं.

धार कडक झाली का, हे पाहायला दुसरी कानस लागते. ती धारेवर पकड न घेता काचेसारखी घसरली तर जमलं. आमची घसरली.

७. सुरीची खरी परीक्षा स्वयंपाकघरात असते, आणि तिथले परीक्षक कडक असतात. तिवसाच्या लाकडाची मूठ बसवून मी ती ऐटीत घरी आणली. आमच्या हिने कैरी चिरली. पातं लगेच काळं पडलं, कारण हे पोलाद स्टेनलेस नव्हे, आंबट लागलं की डाग धरतं आणि ओलं ठेवलं की गंजतं. "चालते छान," ती म्हणाली आणि विळी पुढे ओढून बसली. विळीवर दोन्ही हात मोकळे राहतात, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता ती सुरी मी वापरतो, पुसतो, तेलाचा हात फिरवून ठेवतो.

कानशीचं कापून उरलेलं टोक मी भट्टीशीच विसरून आलो होतो. बाबांनी त्याची विळ्याला दाते पाडायची छिन्नी केली. भातकापणीच्या तोंडावर त्यांच्या दारात विळ्यांचा ढीग लागतो, तेव्हा ती छिन्नी सकाळपासून राबत असते.