गाडीतल्या आवाजाची वाटणी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने क्रॉसओव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायर या विषयावर लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. पण ज्या गोष्टीशी आपल्या गावातील माणसांच्या कष्टाच्या पैशांचा संबंध येतो, ती केवळ विज्ञान शाखेच्या मालकीची कशी राहील? आमच्या भागात वडापच्या जीपगाड्या चालतात. हप्ते फेडून उरलेल्या पैशांतून चालक हौसेने गाडीत ‘साउंड’ बसवतात. त्यासोबतचे माहितीपत्रक इंग्रजीत असते, आणि ते वाचण्याचे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे येते. आमच्या घरात असा मी पहिलाच. त्या निमित्ताने जो अभ्यास घडला, तो प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

आवाज म्हणजे हवेतील कंपने. दर सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपने, म्हणजेच हर्ट्झ, माणसाच्या कानाला ऐकू येतात. ५० हर्ट्झच्या खर्जातील आवाजाची एक लाट हवेत जवळजवळ ७ मीटर लांब असते, तर १०,००० हर्ट्झची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. खर्जासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून वूफरचा पडदा मोठा व भक्कम असतो. झांजेचा किणकिणाट उमटविण्यासाठी फार झपाट्याने हलावे लागते, म्हणून ट्वीटरचा पडदा लहान व हलका असतो. एकाला दुसऱ्याचे काम जमत नाही. वूफरमधून झांज नीट उमटत नाही. ट्वीटरला मात्र खर्ज पाठवला तर तो जळूनच जातो.

येथे क्रॉसओव्हरची गरज लागते. शेतात दारे धरणारा माणूस पाटाचे पाणी ज्या वाफ्याला हवे त्याच वाफ्यात वळवतो, तसेच काम क्रॉसओव्हर करतो. ‘लो-पास’ दार खालचे स्वर जाऊ देते, ‘हाय-पास’ दार वरचे. सामान्यतः सबवूफरला ८० हर्ट्झच्या खालचा भाग द्यावा आणि दरवाजातील स्पीकरला त्याच्या वरचा, अशी सुरुवात करतात व मग कानाने थोडे खाली-वर करतात.

मात्र हे दार एकदम बंद होत नाही, ते उताराने बंद होते. हा उतार दर सप्तकाला किती डेसिबल, असा मोजतात. आपल्या संगीतातील सप्तक येथे उपयोगी पडते. मध्य षड्जाहून तार षड्जाची कंपने दुप्पट असतात. म्हणून ८० हर्ट्झच्या खालचे सप्तक ४० हर्ट्झला पडते. उतार १२ डेसिबलचा असेल तर ४० हर्ट्झला दरवाजातील स्पीकरकडे सुमारे सोळावा हिस्सा शक्ती पोहोचते. २४ चा असेल तर अडीचशेवा. १२ च्या उतारात दोन्ही बाजूंची कंपने जोडाच्या ठिकाणी एकमेकांविरुद्ध होतात व तेथे आवाजात खड्डा पडतो. अशा वेळी एका स्पीकरच्या तारांची अधिक-उणे टोके उलटी जोडून पाहावीत. हा खड्डा टाळणारी मांडणी लिंक्विट्झ व रायली या दोन अभियंत्यांनी १९७६ साली सिद्ध केली. त्यांच्या नावाचा २४ डेसिबलचा उतार आज बहुतेक चांगल्या उपकरणांत असतो.

क्रॉसओव्हर दोन प्रकारचे. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो तो ‘पॅसिव्ह’. त्यातील कॉइल वरच्या स्वरांना अडवते, कपॅसिटर खालच्या. ४ ओहमच्या ट्वीटरला १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर जोडला तर सुमारे ४,००० हर्ट्झच्या खाली ६ डेसिबलचा उतार मिळतो. थोडक्या रुपयांत ट्वीटरला हे संरक्षण मिळते. दुसरा ‘अ‍ॅक्टिव्ह’. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच वाटणी करतो, आणि मग प्रत्येक वाट्याला स्वतंत्र चॅनेल लागते.

आता अ‍ॅम्प्लिफायरकडे वळू. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. एवढ्या दाबावर स्टिरिओच्या आतील साधा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला विकृतीशिवाय जास्तीत जास्त २५ वॅटच्या आसपास देऊ शकतो. डब्यावर ‘५०×४’ छापलेले असले तरी हे गणित बदलत नाही. १०० वॅट हवे असतील तर ४ ओहमवर २० व्होल्ट लागतात, म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आधी आपल्या पोटात बॅटरीचा दाब वाढवून घेतो.

त्यावरील ‘गेन’ची कळ म्हणजे आवाज मोठा करण्याची कळ, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. स्टिरिओकडून येणारा संदेश आणि अ‍ॅम्प्लिफायरची क्षमता यांचा मेळ घालणे हे तिचे काम होय. सबवूफरसाठी ती लावण्याची रीत अशी : स्पीकर सोडवावेत. बेस बूस्ट बंद करावा, गेन शून्यावर ठेवावा. इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांश करावा व ५० हर्ट्झचा एकसुरी स्वर वाजवावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांना लावावा आणि गेन हळूहळू वाढवावा. वॅट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ, एवढे व्होल्ट आले की थांबावे. ५० वॅट व ४ ओहमसाठी हा आकडा १४.१ येतो.

याच्या पुढे गेल्यास लाटेचे माथे छाटले जातात. आवाज फाटतो, आणि स्पीकरच्या कॉइलला सहन होण्यापेक्षा अधिक शक्ती मिळून ती तापते. पुष्कळ स्पीकर असेच जळतात, आणि दोष मात्र स्पीकरच्या माथी बसतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वायरची. ४०० वॅटचा, निम्मी ऊर्जा उष्णतेत घालवणारा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात १३.८ व्होल्टवर सुमारे ५८ अँपियर प्रवाह ओढतो. म्हणून वायर जाड हवी. अर्थिंगची वायर आखूड हवी आणि ती रंग खरवडून उघड्या पत्र्याला आवळलेली हवी. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. हा फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. माझ्या चुलतभावाच्या जीपला तालुक्याच्या एका दुकानात फ्यूजशिवाय वायर टाकून मिळाली. पत्र्याला घासून तिचे आवरण गेले आणि भर घाटात गाडीत धूर झाला. आत प्रवासी होते. बॅटरीची तार वेळेवर निघाली, म्हणून सारे सुखरूप उतरले. त्या दुकानातील कारागीर हाताने चांगला होता. फ्यूज कशासाठी, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेच नव्हते.

अखेरीस कानांविषयी. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. चालकासाठी गाडी हीच कामाची जागा आहे, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा मोठा डबा घेण्यापूर्वी दुकानदाराला तीनच प्रश्न विचारावेत : फ्यूज कुठे बसवणार? गेन कशाने मोजून लावणार? कोणत्या स्पीकरला कितीच्या खाली तोडणार? याची उत्तरे मिळाली तर लहान साउंडही गोड वाजेल. न मिळाली तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.