चार पानांचे क्लोव्हर : मुलांच्या कृषी मंडळांची वाटचाल

शेतीतील नवे तंत्र बांधापर्यंत पोहोचविणे हे कोणत्याही देशात सोपे काम नसते. अनुभवी शेतकरी पुस्तकी सल्ल्यावर सहजासहजी विसंबत नाही आणि त्यामागे सबळ कारण असते. प्रयोग फसला तर वर्षाच्या उत्पन्नाची झळ त्यालाच सोसावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत या प्रश्नावर एक निराळा उपाय सापडला. प्रयोगाचा एक तुकडा मुलांच्या हाती देण्यात आला.

ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीमध्ये शाळांचे अधीक्षक असलेल्या ए. बी. ग्रॅहम यांनी जानेवारी १९०२ मध्ये मुलामुलींचे कृषी मंडळ स्थापन केले. मका व भाजीपाला पिकविणे, लिटमस कागदाने मातीची आम्लता तपासणे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवणे, असा त्याचा कार्यक्रम होता. दक्षिणेकडील राज्यांत मुलांची ‘मका मंडळे’ निघाली. प्रत्येक मुलाने एक एकर कसावा, असा तेथील प्रघात होता. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातील जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेलांहून अधिक मका घेतला, तेव्हा वडीलधाऱ्यांनाही या पद्धतीची दखल घ्यावी लागली.

त्याच वर्षी त्याच राज्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींसाठी ‘टोमॅटो मंडळ’ काढले. प्रत्येकीकडे एक दशांश एकराचा वाफा असे. पीक डबाबंद करून विकावयाचे आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब स्वतः ठेवावयाचा, ही शिस्त होती. अनेक मुलींच्या हाती स्वतःच्या श्रमाची पहिली कमाई आली, हे या मंडळांचे मोठे फलित होय.

बँक व्यवसायाच्या दृष्टीने यातील एक बाब विशेष उद्‌बोधक आहे. अनेक गावांतील बँकांनी मंडळातील मुलांना वासरू, डुकराचे पिल्लू किंवा बियाणे घेण्यासाठी लहान कर्जे दिली. मूल स्वतः वचनचिठ्ठीवर सही करी आणि विक्रीनंतर परतफेड करी. अशा रीतीने शेतीबरोबरच पतही जोपासली गेली.

१९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषिविस्तार सेवेला केंद्र, राज्य व स्थानिक निधीचा आधार दिला आणि मंडळे तिचाच भाग बनली. पुढे ‘फोर-एच’ हे नाव रूढ झाले : बुद्धी, हृदय, हात आणि आरोग्य यांची इंग्रजी आद्याक्षरे चार पानांच्या क्लोव्हरवर विराजमान झाली. मात्र या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांची मंडळे वेगळी ठेवली जात व त्यांच्या वाट्याला साधने कमी येत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरच ही विभागणी अधिकृतपणे मोडीत निघू लागली.

भारतात नाबार्डने १९८२ मध्ये ‘विकास व्हॉलंटियर वाहिनी’ सुरू केली. २००५ मध्ये तिला ‘फार्मर्स क्लब’ हे नाव मिळाले. ही मंडळे प्रौढ शेतकऱ्यांची असली, तरी कर्जाचा उत्पादक वापर आणि वेळेवर परतफेड हे तिचे सूत्र त्या मुलांच्या शिस्तीशी नाते सांगणारे आहे.

आपल्या घरच्या मुलांना गच्चीवरील चार कुंड्या सोपविताना सोबत एक वहीही द्यावी. बियाण्याचा खर्च, पाण्याच्या पाळ्या आणि हाती आलेले पीक त्यांनीच तीत लिहावे. रोप वाढण्यास लागणारा काळ आणि पैशाचे मोल ही दोन्ही त्या वहीत एकत्र उमजतील.