सेमीकंडक्टरचे इलेक्ट्रोड धुण्याची साधनं: नेहरू नगरात बसून हिशेब कसा मांडाल

यंत्राचं कोटेशन हातात आलं की बरेच जण हिशेब तिथेच थांबवतात. इलेक्ट्रोड धुण्याच्या कामात यंत्र हा त्यातला स्वस्त भाग असतो. पैसा जातो तो पाण्यावर, स्वच्छ हवेवर, आम्लाच्या परवानगीवर आणि वापरलेल्या आम्लाची विल्हेवाट लावण्यावर. तुम्ही भोपाळच्या नेहरू नगरात राहता, जवळच्या मॅनिटसारख्या संस्थेतल्या प्रयोगशाळेसाठी किंवा स्वतःच्या छोट्या उद्योगासाठी ही साधनं घ्यायच्या विचारात आहात, तर ॲडव्हान्स देण्याआधी पुढचं सगळं वाचून घ्या. खालचे भाव बाजारातले ढोबळ अंदाज आहेत, जीएसटी सोडून.

पहिला प्रश्न: तुमच्याकडे इलेक्ट्रोड कोणता येणार? कारखान्यातल्या प्लाझ्मा एचिंग यंत्रात वरच्या बाजूला बसतो तो सिलिकॉनचा. गोल, जाड, वायू सोडण्यासाठी शेकडो बारीक भोकं पाडलेला. कधी तो नुसता सिलिकॉनचा असतो, कधी ॲल्युमिनियमच्या किंवा ग्रॅफाइटच्या पाठीला चिकटवलेला. पाठ असलेला इलेक्ट्रोड सरळ आम्लात बुडवलात तर ॲल्युमिनियम खाल्लं जाईल, चिकटवलेला थर सुटेल आणि ग्राहकाला भरपाई द्यावी लागेल. कॉलेजातल्या लहान यंत्रांत बहुधा ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा इलेक्ट्रोड असतो. त्याला सिलिकॉनची आम्लं लागतच नाहीत. काम घेताना इलेक्ट्रोड कशाचा, पाठ कशाची आणि आधी कुठल्या वायूत वापरला, हे लेखी घ्या.

दुसरा प्रश्न ग्राहकाचा. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत आठ इंची वेफरवर काम चालतं, पवईच्या आयआयटी मुंबईत संशोधनाची सोय आहे, आणि धोलेऱ्यात टाटांच्या कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. पण देशात मंजूर झालेल्या प्रकल्पांपैकी बरेचसे चिप पॅक करण्याचे आणि तपासण्याचे आहेत. तिथे सिलिकॉनचे एचिंग इलेक्ट्रोड लागत नाहीत. ‘सेमीकंडक्टर येतंय, मागणी प्रचंड आहे’ असं सांगून कुणी पूर्ण प्लांट गळ्यात मारत असेल, तर त्याला विचारा: कुठला ग्राहक, कुठल्या व्यासाचा इलेक्ट्रोड, महिन्याला किती नग? लेखी चौकशीपत्र हातात नसेल तर मोठी खरेदी करू नका.

आता यंत्र. सुरुवातीला लागतो अल्ट्रासॉनिक क्लीनर, ४० किलोहर्ट्झचा. देशी बनावटीचा तीन लिटरचा साधारण १० ते २० हजारांत, दहा लिटरचा २५ ते ५० हजारांत मिळतो. एक मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारं मेगासॉनिक यंत्र नाजूक पृष्ठभागाला जास्त मानवतं, पण ते लाखांत जातं आणि बहुतेक आयात करावं लागतं. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

फसगत होते ती मापात. जाहिरातीत लिटर लिहिलेले असतात आणि इलेक्ट्रोड लिटरमध्ये मावत नाही, लांबी-रुंदीत मावतो. साडेसहा लिटरची टाकी आतून बहुधा ३०० बाय १५० मिलिमीटरची असते. आठ इंची वेफरच्या यंत्रातला इलेक्ट्रोड २०० मिलिमीटरपेक्षा मोठा असतो, तो तिच्यात आडवा ठेवता येत नाही. उभा ठेवलात तर वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. बारा इंची यंत्राचा इलेक्ट्रोड तर दहा लिटरच्या टाकीतही बसत नाही. त्यासाठी टाकी बनवून घ्यावी लागते आणि किंमत दुपटीच्या पुढे जाते. म्हणून कोटेशनवर टाकीची आतली लांबी, रुंदी, खोली, पत्रा एसएस ३०४ की ३१६, आणि हीटर सोडून अल्ट्रासॉनिकची वॅट क्षमता लिहून घ्या. हीटरचे वॅट मिळवून ‘पाचशे वॅटचं यंत्र’ म्हणून विकणारे विक्रेते आहेत.

यंत्र ताब्यात घेताना विक्रेत्यासमोरच चाचणी करा. टाकीत पाणी भरा, दहा मिनिटं यंत्र नुसतं चालू ठेवा म्हणजे पाण्यातली हवा निघून जाईल. मग स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरून अर्धा-एक मिनिट पाण्यात ठेवा. बाहेर काढून उजेडासमोर धरा. बारीक भोकं सगळीकडे सारखी पडलेली दिसली पाहिजेत. एका कोपऱ्यात चाळणी आणि दुसरा कोपरा कोरा असेल, तर त्या बाजूचा ट्रान्सड्यूसर (लहरी निर्माण करणारा भाग) काम करत नाही. यंत्र परत करा. ही चाचणी दर काही महिन्यांनी करून फॉइल तारीख टाकून जपून ठेवा.

वॉरंटीत विचारायचं एवढंच: दुरुस्ती जागेवर की यंत्र पाठवायचं? पाठवायचं तर भाडं कुणाचं? ट्रान्सड्यूसर वॉरंटीत आहे का? भोपाळमधल्या एमपी नगरातल्या डीलरकडून घेतलं तरी यंत्र दुरुस्तीला मुंबईला किंवा अहमदाबादला जाऊ शकतं. आणि कोटेशनच्या तळाशी ‘पॅकिंग-फॉरवर्डिंग वेगळं’ अशी ओळ असते. २५ हजारांच्या यंत्रावर १८ टक्के जीएसटी म्हणजे साडेचार हजार, वर पॅकिंग, वाहतूक, बास्केट आणि झाकण. बास्केट वेगळं विकतात आणि त्याशिवाय यंत्र वापरता येत नाही; इलेक्ट्रोड थेट तळाशी टेकवला तर तो तडकू शकतो.

पाण्याचा खर्च लोक विसरतात. शेवटची धुलाई १८.२ मेगाओम-सेंटिमीटरच्या अतिशुद्ध पाण्यात व्हावी लागते. असं पाणी हवेत उघडं राहिलं की कार्बन डायऑक्साइड शोषून काही मिनिटांतच घसरतं. त्यामुळे ‘१८.२ चं पाणी’ म्हणून कॅनमध्ये विकलं जातं ते तुमच्याकडे पोचेपर्यंत १८.२ राहिलेलं नसतं. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर तर या कामाचंच नाही. जागेवर पाणी करणारं आयात यंत्र तीन लाखांच्या पुढे जातं, आणि त्याचे कार्ट्रिज वर्षाला बदलावे लागतात. यंत्राआधी कार्ट्रिजचा भाव विचारा. तुमच्या नळाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळं मोजा. टीडीएस पेन दोन-पाचशे रुपयांत येतं. बोअरचं जड पाणी सरळ यंत्राला जोडलंत तर कार्ट्रिज काही आठवड्यांतच संपतील. आधी साधा आरओ बसवा.

सुकवायला हॉट एअर ओव्हन, १० ते २५ हजार. पिशवीत भरायला लॅमिनार फ्लो बेंच, ५० हजार ते लाखभर. यात शॉर्टकट नको. धुतलेला इलेक्ट्रोड पंख्याखाली सुकवला की आधीचा सगळा खर्च वाया.

आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकीत ओतून अल्ट्रासॉनिक चालवण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ऐकू नका. वाफ पेट घेते. अल्कोहोल पुसण्यापुरतं, धागे न सोडणाऱ्या कापडावर घ्या, हीटर बंद ठेवून, खिडक्या उघड्या ठेवून.

आता आम्ल. सिलिकॉनवरचे धातूंचे अंश आणि खराब झालेला थर काढायला हायड्रोफ्लुओरिक, नायट्रिक आणि ॲसिटिक आम्लांचं मिश्रण वापरतात. हे नेहरू नगरातल्या घरात, गच्चीवर, गॅरेजमध्ये कुठेच करू नका. हायड्रोफ्लुओरिक आम्ल कातडीतून आत हाडापर्यंत जातं, आणि सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही. काच खातं, म्हणून काचेच्या बाटलीत राहत नाही. जवळ २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतं, मुदत न संपलेलं, आणि ते लावायला येणारा दुसरा माणूस लागतो. नायट्रिक आणि अल्कोहोल कचऱ्याच्या एकाच कॅनमध्ये गेले तर कॅन फुटू शकतो.

विकत घेतानाही नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार किरकोळ आम्ल घेताना पत्त्यासह सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं, कारण सांगावं लागतं, आणि विक्रेत्याला नोंदवही ठेवावी लागते. शिक्षणसंस्था आणि संशोधन प्रयोगशाळांनी वापराची नोंदवही ठेवून तिची माहिती एसडीएम कार्यालयाला द्यायची असते. एक जबाबदार व्यक्तीही नेमायची असते. ‘बिल नको असेल तर स्वस्त’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. आणि मुंबईहून रेल्वेने पिशवीत आणू नका: रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

व्यवसाय म्हणून आम्ल वापरायचं तर मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी उभारणीची, मग चालवण्याची संमती. मुख्यालय अरेरा कॉलनीत पर्यावरण परिसरात आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. कागद: आधार, पॅन, जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा दाखला, जागेचा नकाशा, प्रक्रियेची माहिती आणि भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला, कारण फी गुंतवणुकीवर ठरते. जल कायद्यात निर्णयाला चार महिन्यांची मर्यादा आहे. भाडं त्याआधीपासून चालू करू नका. करारात ‘संमती मिळाल्यावर भाडं सुरू’ अशी अट मागून बघा.

त्याशिवाय घातक कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांखाली फॉर्म १ भरून वेगळं अधिकारपत्र. कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, दर वर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये हिशेब द्यावा लागतो. कचरा जाणार पीथमपूरच्या केंद्रात, सुमारे अडीचशे किलोमीटरवर. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा ३३७ टन कचरा २०२५ साली तिथेच नेऊन जाळला. भोपाळमध्ये राहणाऱ्याने हा भाग कागदापुरता पाळून चालणार नाही. खर्चात सदस्यत्वाची फी, किलोमागे दर आणि गाडीच्या फेरीचा किमान आकार असे तीन आकडे वेगवेगळे विचारा. लहान उद्योगाला तिसरा आकडा सगळ्यात जड जातो: कॅन दोनच असले तरी फेरीचं पूर्ण भाडं लागू शकतं.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षं फक्त पाणी, अल्कोहोल, अल्ट्रासॉनिक आणि पॅकिंग एवढंच काम घ्या. आम्लाचा टप्पा परवानगी असलेल्या युनिटकडून करून घ्या आणि त्याचं संमतीपत्र ग्राहकाला दाखवा.

जागा नेहरू नगरात नको, गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा मंडीदीपला बघा. घरच्या वीजजोडणीवर व्यवसाय चालवलात तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने वसुली होते. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. यंत्रावरचा जीएसटी परत मिळवायचा असेल तर कंपोझिशन योजना घेऊ नका. चालू खात्यासाठी बँक गुमास्ता परवाना (दुकान नोंदणी) मागू शकते.

आयात करणार असाल तर आयईसी कोड, फी ५०० रुपये, आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये मोफत अद्ययावत करायचा. विसरलात तर कोड बंद पडतो आणि माल बंदरात अडकून रोजचं भाडं चढतं. सेमीकंडक्टर यंत्रांच्या ८४८६ या शीर्षकाला मूळ सीमाशुल्क नाही, आयजीएसटी १८ टक्के आहे. साधा अल्ट्रासॉनिक क्लीनर त्या शीर्षकात घालून देतो म्हणणाऱ्या एजंटाला नकार द्या. दंड आयातदार म्हणून तुम्हाला होतो.

काम झाल्यावर ग्राहक विचारणार धातूंचे अंश किती उरले. त्यासाठी चाचणी यंत्र विकत घ्यायची गरज नाही. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातल्या प्रयोगशाळांची यंत्रं आणि त्यांचे दर दिसतात. पवईच्या आयआयटीतलं ‘सैफ’ केंद्र बाहेरचे नमुने घेतं. विद्यार्थ्याचा, सरकारी संस्थेचा आणि उद्योगाचा दर वेगळा असतो, म्हणून कॉलेजचं काम असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जोडा. साधी आयसीपी-एईएस चाचणी स्वस्त पडते, पण कारखान्याच्या ग्राहकाला तिची सूक्ष्मता पुरत नाही, तो आयसीपी-एमएस मागतो. दर विचारताना ‘प्रति नमुना की प्रति मूलद्रव्य’ हे आधी विचारा. दहा मूलद्रव्यं म्हटली की बिल दहापट होऊ शकतं. आणि इलेक्ट्रोड कुरिअरने पाठवताना नाजूक वस्तूंना विमा लागू आहे का, हे पावतीच्या मागच्या अटींत वाचून घ्या. बऱ्याचदा नसतो.